कवटीपार चुंबकीय उत्तेजन आणि नैराश्यावरील उपचार : योग्यतेच्या निर्णयाचा इतिहास (१९८५ ते २०१८)

प्रस्तावना :

१९३८ मध्ये रोम येथे उगो चेर्लेत्ती व लुचिओ बिनी यांनी विद्युत-आक्षेप उपचाराचा, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेतील ‘शॉक’चा, प्रथम प्रयोग केला. १९५० च्या दशकात नैराश्यविरोधी औषधे उपलब्ध झाली. तथापि औषधांनी बरे न वाटणाऱ्या आणि शॉकला घाबरणाऱ्या रुग्णांचा प्रश्न शिल्लकच राहिला. कवटीपार चुंबकीय उत्तेजन (टीएमएस) हा उपचार याच पोकळीत पुढे आला. तो नैराश्यासाठी योग्य आहे किंवा नाही, हा निर्णय कोणत्या टप्प्यांतून घडत गेला याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तंत्राचा उगम :

या तंत्राचे मूळ मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वात आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून, कवटीला छेद न देता आणि फारशी वेदना न होता, मेंदूचा बाह्यभाग उत्तेजित करून दाखविला. रुग्णाला भूल द्यावी लागत नाही आणि उपचारासाठी झटकाही आणावा लागत नाही, हे शॉक उपचारापासूनचे त्याचे वेगळेपण होय. मात्र बार्कर यांचे उपकरण मज्जासंस्थेच्या तपासणीसाठी होते. नैराश्य हा त्याचा मूळ विषय नव्हता.

प्रारंभीचा उत्साह :

१९९५ मध्ये अमेरिकेत मार्क जॉर्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूच्या डाव्या पूर्वललाट भागावर दररोज उत्तेजन दिले. त्यांपैकी दोघांत ठळक सुधारणा दिसली. १९९६ मध्ये आल्वारो पास्कुआल-लिओने यांच्या अभ्यासात १७ पैकी ११ रुग्णांत सुधारणा आढळली, पण ती सुमारे दोन आठवडेच टिकली. रुग्णसंख्या अल्प असल्याने या निष्कर्षांवरून सर्वसाधारण निर्णय काढणे शक्य नव्हते. शिवाय यंत्राचा टकटक आवाज व टाळूवरील ठोके यांमुळे खरा उपचार व आभासी उपचार यांतील फरक रुग्णाला ओळखू येण्याची शक्यता होती. आभासी उपचाराची रचना हा म्हणूनच या इतिहासातील सततचा वादविषय राहिला.

२००७-२००८ : निर्णायक टप्पा :

२००७ मध्ये ३०१ रुग्णांवरील बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणीपूर्वी ठरविलेल्या मुख्य निकषावर खरा व आभासी उपचार यांतील फरक सांख्यिकीय सार्थकतेच्या सीमेबाहेर, किंचित का होईना, राहिला (संभाव्यता मूल्य ०.०५७). त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार मंडळालाही उपयुक्ततेचा पुरावा पुरेसा वाटला नाही. मात्र ऑक्टोबर २००८ मध्ये याच प्रशासनाने उपकरणाला मान्यता दिली. ती सरसकट नव्हती. चालू आजारात एका औषधाचा पुरेशा मात्रेत उपयोग करूनही समाधानकारक गुण न आलेल्या प्रौढांपुरतीच ती मर्यादित होती, कारण या गटात फरक अधिक स्पष्ट दिसला होता. पुढे ही मर्यादा रुंदावली. तथापि ‘उपचार चालतो का?’ या प्रश्नाची जागा ‘तो कोणासाठी चालतो?’ या प्रश्नाने घेतली, हे या टप्प्याचे खरे महत्त्व होय.

तुलना आणि मर्यादा :

२००७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, ४६ रुग्णांवरील एका ब्रिटिश अभ्यासात शॉक उपचाराने २२ पैकी १३ रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर चुंबकीय उत्तेजनाने २४ पैकी केवळ चार. म्हणजेच तीव्र नैराश्यात हा उपचार शॉकची जागा सहज घेऊ शकेल, ही अपेक्षा टिकली नाही. २०१० मध्ये, उद्योगाच्या निधीविना झालेल्या अमेरिकी चाचणीत लक्षणमुक्तीचे प्रमाण खऱ्या उपचारात सुमारे १४ टक्के व आभासी उपचारात सुमारे ५ टक्के होते. फरक खरा होता, पण लाभार्थी थोडे होते.

२०१८ या वर्षाने दोन परस्परविरोधी धडे दिले. अमेरिकेतील १६४ माजी सैनिकांच्या चाचणीत सुमारे ४१ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. परंतु आभासी गटातही हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. दररोजची भेट, कर्मचाऱ्यांची आस्था व अपेक्षा यांचाही गुण येतो, हे येथे नाकारता येत नाही. उलटपक्षी कॅनडातील ४१४ रुग्णांच्या अभ्यासात तीन मिनिटांचे नवे सत्र साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या सत्रापेक्षा कमी प्रभावी नसल्याचे दिसले. या अभ्यासात आभासी गट नव्हता. म्हणून त्याने सोय सिद्ध केली, उपयुक्ततेचा मूळ वाद मिटविला नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, योग्यतेचा निर्णय एका चाचणीने किंवा एका शासकीय मान्यतेने पूर्ण होत नाही. आजाराची तीव्रता, भ्रमादी लक्षणे, पूर्वी घेतलेली औषधे, झटक्यांचा इतिहास आणि डोक्यातील धातूचे रोपण यांचा विचार प्रत्येक रुग्णाबाबत स्वतंत्रपणे करावा लागतो. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे दवाखान्यात येणे रोजंदारीवरील माणसाला परवडेल का, हाही योग्यतेचाच भाग आहे. ज्याला दोन औषधांनी गुण आलेला नाही, त्याच्यासमोर या उपचाराचे चित्र रामबाण म्हणून रंगविणे जितके अन्यायकारक, तितकेच त्याला थोतांड म्हणून झिडकारणेही अन्यायकारक आहे. मान्यतेचा हा इतिहास रुग्णापुढे प्रामाणिकपणे मांडला गेला, तरच त्याची संमती खऱ्या अर्थाने संमती ठरेल.