स्वयंभू चैत्य : आख्यायिका आणि इतिहास

काठमांडूच्या पश्चिमेस असलेल्या टेकडीवर पूर्वेकडील दगडी सोपानाने चढून गेले म्हणजे प्रथम दृष्टीस पडते ते भव्य सुवर्णलेपित वज्र, आणि त्यामागे स्वयंभू चैत्याचा शुभ्र घुमट. घुमटावरील हर्मिकेच्या चारही बाजूंवर रेखाटलेले नेत्र संपूर्ण उपत्यकेकडे पाहत असतात. हे वज्र आणि दोन्ही बाजूंची अनंतपुर व प्रतापपुर ही शिखरमंदिरे प्रतापमल्लाच्या (इ. स. १६४१–७४) काळातील होत. २०१५ च्या भूकंपात अनंतपुराची मोठी हानी झाली.

या स्थानाची कथा ‘स्वयंभूपुराणा’त येते. उपत्यका पूर्वी एक सरोवर होती. विपश्वी बुद्धाने तीत कमलबीज टाकले. त्यातून उमललेल्या कमळावर स्वयंभू ज्योती प्रकट झाली. महाचीनातून आलेल्या मंजुश्रीने खड्गाने दक्षिणेकडील डोंगर छेदून पाण्यास वाट करून दिली व भूमी वसतियोग्य केली. पुढे कलियुगाच्या भयाने शांतिकराचार्याने ती ज्योती शिळेने झाकून तीवर चैत्य उभारला.

उपत्यकेत प्राचीन काळी खरोखरच सरोवर होते. त्याच्या तळी साचलेल्या गाळाचे जाड थर आजही आढळतात, आणि बागमती नदी चोभारच्या अरुंद घळीतूनच दक्षिणेस बाहेर पडते. यावरून कथेत आदिमानवाची स्मृती टिकून राहिली असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; परंतु तो टाळला पाहिजे. सरोवर आटले त्यास अनेक सहस्र वर्षे लोटली. काळी चिकणमाती आणि घळ पाहणाऱ्या कोणाही चौकस मनुष्यास अशी कल्पना सुचू शकते. सागर हटवून कोकणभूमी निर्माण करणाऱ्या परशुरामाची कथाही भूमीच्या रूपावरूनच आपल्या पूर्वजांस सुचली असावी.

मग या कथेचे ऐतिहासिक मूल्य कोणते? चैत्याची प्राचीनता सिद्ध करण्यास पुराणाची आवश्यकता नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेली ‘गोपालराजवंशावली’ त्याची स्थापना लिच्छवी राजा वृषदेव याच्याकडे देते. हा राजा बुद्धशासनाचा पक्षपाती होता असे दुसऱ्या जयदेवाचा शिलालेखही सांगतो. पुराणात मात्र वृषदेवास स्थान नाही. तेथे चैत्याचा मूळ कर्ता कोणीच नाही, कारण ज्योती स्वयंभू आहे.

हा फरक पुराणाच्या काळावरून उलगडतो. इ. स. १३४९ मध्ये बंगालचा सुलतान शम्सुद्दीन याच्या स्वारीत चैत्याची नासधूस झाली. १३७२ मधील शिलालेख त्याच्या जीर्णोद्धाराची नोंद करतो. पुराण सामान्यतः पंधराव्या शतकातील मानले जाते. भारतातील मोठी बौद्ध विद्यापीठे तोवर लयास गेली होती. ज्या परंपरेचे मूळ क्षेत्र हरपले, तिने आपले क्षेत्र आपल्याच भूमीत, मनुष्यकृतीच्याही पूर्वी, रोवले. घुमट फुटला तरी त्याखालील ज्योतीस बाध येत नाही, ही श्रद्धा अशाच समाजास अत्यंत आवश्यक होती.

म्हणून ‘स्वयंभूपुराण’ हे सरोवरकालाचे नव्हे, तर मल्लकालीन नेवार बौद्धांच्या मनाचे साधन होय. आख्यायिकेस इतिहासाचे साधन म्हणून वापरताना, ती कोणत्या काळाविषयी बोलते याबरोबरच कोणत्या काळातून बोलते हे अभ्यासकाने आधी निश्चित करावयास हवे.