मृत कीं निद्रिस्त?

नातेपुत्याच्या परिसरांत निरा उजव्या कालव्याचें पाणी खेळतें. पाट बुजला म्हणजे त्यापुढील सर्वच पीक माना टाकतें, हें तेथील शेतकरी जाणतो. परंतु कांहीं ताटें मुळापासून वाळलेलीं असतात, तर कांहींच्या मुळांशीं अद्याप जीव असतो. पाणी पुन्हां सोडल्यावर टवटवी येते ती या दुसऱ्यांनाच. मनुष्याच्या हृदयांतहि असाच प्रकार घडतो, हें वैद्यकास उमगण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीनें अकस्मात् बंद झाली, तरी रोगी तत्काळ दगावतोच असें नाहीं, हें शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं दाखवून दिलें. मग जो वांचला, त्याच्या हृदयाचें काय होतें? स्नायूचा मृत्यु आंतल्या थरापासून सुरू होऊन कांहीं तासांत बाहेरच्या थराकडे सरकत जातो, असें रायमर व जेनिंग्ज यांनीं १९७७ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं सिद्ध केलें. तथापि जो भाग हालत नाहीं तो मेलाच, अशी समजूत बरीच रूढ होती.

ती ढळली शस्त्रवैद्यांच्या अनुभवानें. बंद रोहिणीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून दिली असतां, मृत मानलेल्या भिंती कित्येकदां पुन्हां हालूं लागत. मुंबईस १९३१ सालीं जन्मलेले व पुढें अमेरिकेंत नांवारूपास आलेले हृदयरोगतज्ज्ञ शहाबुद्दीन रहिमतुला यांनीं १९८० नंतरच्या दशकांत या कोड्याचा उलगडा मांडला. रक्त कमी मिळूं लागलें म्हणजे स्नायु आपलें काम आवरतें घेतो आणि केवळ प्राण राखून राहतो. बेडूक उन्हाळ्यांत मातीखालीं दडून बसतो, तशीच ही निद्रा.

आतां प्रश्न उरला तो निजलेला स्नायु कोणता व मेलेला कोणता, हें जिवंत मनुष्याच्या छातींत ओळखण्याचा. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमध्यें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें प्रथम एका रुग्णाचा मेंदू टिपला. क्ष-किरणांच्या साह्यानें शरीराचे जणुं काप काढून दाखविणाऱ्या या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण एकेका चित्राला कांहीं मिनिटें लागत, आणि हृदय तर मिनिटाला ७० वेळां हालतें! सुमारें २००४ सालीं ६४ ओळींचीं यंत्रें प्रचारांत आलीं, तेव्हां हृदयाच्या विद्युत्-आलेखाशीं मेळ घालून, एकदां श्वास रोखण्याच्या अवधींत सबंध हृदय टिपतां येऊं लागलें.

यापुढील युक्ति आयोडीनची. आयोडीनयुक्त द्रव शिरेंतून सोडून पांच-दहा मिनिटांनीं चित्र घेतात. जिवंत पेशीचें आवरण अभंग असल्यानें आयोडीन आंत शिरत नाहीं. मृत पेशीचें आवरण फाटलेलें असल्यानें तें आंत शिरतें, आणि जुन्या व्रणांतहि रेंगाळतें. तेवढा भाग उजळ दिसतो. उजळलेला तो मेलेला! बाल्टिमोर येथील लार्डो व सहकाऱ्यांनीं २००६ सालीं प्राण्यांवर हा ताळा पडताळून पाहिला. चुंबकीय यंत्राचें चित्र याहून स्पष्ट असतें. परंतु ज्यांना त्या यंत्रांत जातां येत नाहीं, त्यांना सी. टी. उपयोगी पडूं शकतें.

तथापि जिवंत स्नायु ओळखणें म्हणजे रोगी वांचविणें नव्हे. हृदय फार दुबळें झालेल्या, पण स्नायु जिवंत असलेल्या ७०० रोग्यांवरील ब्रिटनमधील प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. रोहिणी फुग्यानें व जाळीनें उघडल्यामुळें, केवळ औषधोपचारापेक्षां मृत्यु कमी झाल्याचें त्यांत आढळलें नाहीं.

म्हणून या साऱ्या इतिहासांतून घरोघरीं नेण्याजोगा बोध एकच. चित्र मागाहून, घाई आधीं. छातींत कळ उठल्यावर नातेपुत्यासारख्या गांवाहून मोठ्या रुग्णालयाची वाट धरण्यास जेवढा उशीर होईल, तेवढा स्नायूचा एकेक थर कायमचा हरपत जातो; आणि जें मेलें, त्याला जागें करणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.