नावाने हेअर, कुळाने रॅबिट

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द. इंग्रजीत मात्र हेअर आणि रॅबिट असा भेद आहे. हेअरची पिले केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात. रॅबिटची उघडी आणि मिटल्या डोळ्यांची. ‘बेल्जियन हेअर’ची पिले दुसऱ्या प्रकारची असतात. म्हणजे नावातच दिशाभूल आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील हौशी पैदासकारांनी बेल्जियममधून आणलेल्या मांसल सशांतून निवड करीत सडपातळ, तांबूस, कमानदार पाठीची ही जात घडविली. रानातल्या हेअरचे रूप पाळीव देहात उतरविणे, हा त्यांचा ध्यास होता. १८८८ मध्ये ती अमेरिकेत पोचली आणि १९००च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात तिच्या खरेदीविक्रीला उधाण आले. नामांकित नरांना शेकडो डॉलर मोजले गेले. परंतु पैदास वाढली, आणि एवढ्या किमतीला सशाच्या मांसाचा आधार नव्हता. काही वर्षांतच बाजार कोसळला.

आज ती दुर्मीळ जातींत गणली जाते. बाजाराने सोडलेली ही जात प्रदर्शनांनी टिकविली. तेथे आदर्श देहाचे वर्णन लेखी असते आणि परीक्षक जिवंत सशाला त्या वर्णनाशी ताडून पाहतात. आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना येथे हस्तलिखित परंपरा आठवते. प्रत्येक पिढी ही एक नवी नक्कल. नकलणारे हात थांबले, की संहिताच संपते.