बायपोलर डिसऑर्डर : खानदेशातील जगणे आणि उपचार

मनःस्थितीला उन्माद आणि अवसाद या दोन टोकांना नेणारा दीर्घकालीन मानसिक आजार. मधल्या काळात रुग्ण बहुधा नेहमीसारखा कामधंदा करतो. उन्मादात आठवडाभर किंवा अधिक काळ झोप दोन-तीन तासांवर येते, तरी थकवा नसतो. बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो. अवसादात किमान दोन आठवडे उमेद खचते, आत्महत्येचे विचारही येतात. सुरुवात बहुधा विशीच्या आसपास होते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ०.३ टक्के प्रौढांत हा आजार आढळला आणि त्यांतले सुमारे ७० टक्के उपचाराबाहेर होते. खेड्यात उन्माद ‘बाहेरचं’ समजून रुग्णाला भगताकडे नेले जाते आणि अवसादाला आळशीपणा म्हणतात. उपचार लांबण्याचे हे मोठे कारण.

झोपमोड हे उन्मादाचे नेहमीचे निमित्त, आणि खानदेशात ती वारंवार घडते. शेतीपंपाची वीज रात्री आली की रावेर-यावलचा केळीवाला रात्रीच बांधावर जातो. श्रावणात कानबाई या लोकदेवतेचे जागरण, उन्हाळ्यात लग्नसराई. रुग्णाने कानबाईचे रोट खुशाल खावेत, जागरण मात्र इतरांवर सोपवावे. रात्रीच्या पाण्याची पाळी भावाने घ्यावी.

लिथियमचा उन्मादावरील गुण ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदवला. आजही ते प्रमुख औषध आहे. त्याची रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर राखावी लागते, १.५च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. घामाने पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कडक उपवास आणि अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक वा आयबुप्रोफेनची गोळी, दोन्ही घातक ठरू शकतात. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे दिसताच पुढचा डोस न घेता रुग्णालय गाठावे. लिथियम घेणाऱ्याची थायरॉइड व मूत्रपिंडांची तपासणीही ठरावीक काळाने व्हावी लागते. व्हॅल्प्रोएट हे दुसरे औषध गर्भाला अपाय करते, हे लग्नाच्या वयाच्या मुलीला आधीच सांगायला हवे; ते सांगणे बऱ्याचदा राहून जाते.

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीत आहेत. खानदेशात एकही नाही. जवळचा सरकारी आधार म्हणजे धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापकी केलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिचा मुख्य विषय वेगळा, पण मनोरुग्णाच्या घरच्यांनाही आधार लागतो ही गोष्ट मराठी समाजात रुजवण्यात तिचा हातभार मोठा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते. टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही मिळते.