उड्डाण-सदृशकातील दृश्यनिर्मिती

जमिनीवर बसूनच विमान चालविण्याचा अनुभव देणाऱ्या साधनास उड्डाण-सदृशक किंवा प्रचलित भाषेत फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. वैमानिकाच्या खिडकीबाहेर दिसावयाची धावपट्टी, डोंगर, नद्या, वस्ती, आकाश यांची चित्रे क्षणोक्षणी तयार करण्याच्या क्रियेस दृश्यनिर्मिती ही संज्ञा आहे. चित्रात तपशील जितका अधिक, तितका ते रेखाटण्यास लागणारा वेळ अधिक आणि वेळ वाढला की दृश्याची सलगता भंग पावते. तपशील व सलगता यांचा मेळ घालणे हा या शाखेचा आरंभापासूनचा मुख्य प्रश्न होय. किंबहुना तिचा इतिहास हा बव्हंशी काय दाखवावे यापेक्षा काय गाळावे हे ठरविण्याचा इतिहास आहे.

इतिहास : सु. १९१० मध्ये फ्रान्समध्ये ‘आंत्वानेत’ विमानाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवून हाताने हलविण्याचे साधन वापरीत. एडविन लिंक या अमेरिकन संशोधकाने वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातील भाते व झडपा वापरून १९२९ मध्ये वायुचलित सदृशक बनविला. प्रारंभी तो करमणुकीच्या उद्यानांतच अधिक खपला. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या विमानदलाकडे टपाल वाहतूक सोपविण्यात आली, तेव्हा खराब हवामानात अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर दलाने लिंक यांचे सहा सदृशक विकत घेतले. या यंत्रात बाहेरचे दृश्य नव्हते. केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याचे शिक्षण त्यावर मिळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर भूप्रदेशाची लहान प्रतिकृती करून तीवरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरविण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात तपशील चांगला मिळे. परंतु प्रतिकृतीच्या कडेपलीकडे विमान नेता येत नसे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी जनरल इलेक्ट्रिक कंपनीने संगणकाद्वारे तात्काळ चित्रे काढणारी यंत्रणा विकसित केली. १९६८ मध्ये डेव्हिड एव्हान्स व आयव्हन सदरलँड यांनी सॉल्ट लेक सिटी येथे स्थापन केलेली कंपनी पुढे या क्षेत्रात अग्रेसर ठरली.

तत्कालीन संगणकांना दिवसाचे दृश्य झेपत नव्हते. म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात विमान कंपन्यांसाठी केवळ रात्रीचे दृश्य दाखविणाऱ्या यंत्रणा निघाल्या. रात्री उतरताना वैमानिकास मुख्यतः धावपट्टीचे व शहराचे दिवेच दिसतात. तेव्हा काही शेकडा किंवा हजार प्रकाशबिंदू दाखविले तरी प्रशिक्षणाचे प्रयोजन साधे. गाळण्याच्या विवेकाचे हे उत्तम उदाहरण आहे.

याच काळात काही मूलभूत तंत्रे पुढे आली. एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये पुढील वस्तूने मागील वस्तू झाकण्याची खोली-नोंद पद्धत व पृष्ठभागावर चित्र चिकटविण्याची पद्धत मांडली. जेम्स क्लार्क यांनी १९७६ मध्ये एकाच वस्तूच्या कमीअधिक तपशिलाच्या आवृत्त्या ठेवून अंतरानुसार त्यांतील योग्य ती निवडावी, ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये पृष्ठचित्रांच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या प्रती वापरून दूरच्या भागातील लुकलुक घालविली. 

ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील प्रबंधासाठी उड्डाणदृश्याचा अभ्यास केला. त्यावर आधारलेला रेषाचित्रांचा कार्यक्रम सु. १९८० मध्ये ॲपल-२ या घरगुती संगणकावर व त्याची सुधारित आवृत्ती १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टतर्फे आयबीएम संगणकावर आली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने काढलेल्या आवृत्तीत उपग्रहचित्रे व भूमापनाची माहिती दूरच्या संगणकांवरून उड्डाण चालू असतानाच मागविली जाते.

सलगतेचे महत्त्व : उतरण्याच्या वेळी प्रवासी जेट विमानाचा वेग सु. १४० नॉट, म्हणजे सेकंदास सु. ७२ मी. असतो. सेकंदास ३० चित्रे काढल्यास दोन चित्रांच्या दरम्यान विमान २·४ मी., तर १० चित्रे काढल्यास ७·२ मी. पुढे जाते. मात्र केवळ चित्रांची संख्या पुरेशी नाही. सुकाणू हलविल्यापासून दृश्य बदलेपर्यंतचा विलंबही मोजावा लागतो. तीन अंशांच्या उताराने येणारे असे विमान सेकंदास सु. ३·८ मी. खाली येते, म्हणजे ०·३ सेकंदाच्या विलंबात ते एक मीटरहून अधिक उतरलेले असते. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने १९९१ मध्ये हा विलंब खालच्या दोन श्रेणींच्या सदृशकांत ३०० व वरच्या दोन श्रेणींत १५० सहस्रांश सेकंदांहून अधिक नसावा, असे ठरविले.

विलंब जास्त असल्यास शिकाऊ वैमानिक गरजेपेक्षा अधिक सुकाणू फिरवितो व चुकीची सवय अंगी बाणते. ही सवय प्रत्यक्ष विमानात घातक ठरू शकते. शिवाय डोळ्यांना भासणारी गती व शरीरास जाणवणारी स्थिती यांत विसंगती आल्यास मळमळ व भोवळ येते. हा त्रास १९५७ मध्ये अमेरिकेतील हेलिकॉप्टर-सदृशकावर नोंदला गेला होता.

पुणे परिसराचे उदाहरण : घरगुती संगणकावर तपशिलाची जुळवणी वापरणाऱ्यालाच करावी लागते. पुण्याचा परिसर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लोहगाव येथील धावपट्टी समुद्रसपाटीपासून सु. ५९२ मी. उंचीवर असून ती साधारणपणे पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडून उतरणारे विमान खडकी-विश्रांतवाडीच्या बाजूच्या दाट वस्तीवरून येते. नैर्ऋत्येस खडकवासल्याचा जलाशय व सु. १,३०० मी. उंचीचा सिंहगड असून त्यापलीकडे सह्याद्रीची रांग आहे. म्हणजे जवळ असंख्य इमारती व दूरवर डोंगर, असे दोन्ही प्रकारचे ओझे एकाच दृश्यात येते.

जुळवणीपूर्वी अडथळा कोठे आहे हे पाहतात. चित्रातील बिंदूंची संख्या कमी केल्यावर गती वाढली, तर चित्रसंस्कारकावर भार अधिक आहे असे समजावे. न वाढल्यास मुख्य संस्कारक अपुरा पडत आहे. १,९२० × १,०८० बिंदूंच्या चित्रात सु. २०·७ लाख, तर ३,८४० × २,१६० बिंदूंच्या चित्रात त्याच्या चौपट बिंदू असतात. बिंदूसंख्या, सावल्या, ढगांची घनता व कडांची सफाई यांचा भार मुख्यतः चित्रसंस्कारकावर पडतो. इमारती, वाहने व इतर विमाने यांची संख्या आणि भूप्रदेश किती दूरवर दाखवावा याची मर्यादा यांचा भार बव्हंशी मुख्य संस्कारकावर पडतो. पृष्ठचित्रे स्मृतीत मावेनाशी झाली की चित्र मधूनमधून अडखळते.

लोहगावला उतरण्याच्या सरावात खडकीकडील प्रत्येक घर, रस्त्यांवरील वाहने व इमारतींच्या सावल्या कमी केल्याने शिक्षणाची हानी होत नाही. धावपट्टीच्या कडा, तीवरील खुणा व दिवे मात्र स्पष्टच हवेत. कारण उंची व उतार यांचा अंदाज त्यांवरूनच येतो. उलट खडकवासल्याकडून डोंगरांना वळसा घालण्याच्या सरावात इमारती कमी करून भूप्रदेशाची मर्यादा वाढवावी लागते. ती आखडती घेतल्यास सिंहगडासारखा डोंगर उशिरा व एकाएकी समोर उभा राहिल्यासारखा दिसतो. दूरचा भाग विरळ धुक्यात विलीन केल्यास मर्यादेची कड जाणवत नाही.

चित्रांचा वेग सेकंदास २५ ते ५५ असा सतत बदलत राहण्यापेक्षा ३० वर स्थिर ठेवणे श्रेयस्कर. कारण हाताला एकाच लयीची सवय होते. घरगुती सदृशकावरील सरावाचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. तथापि तेथे लागलेली हाताची सवय पुढे विमानात सोबत येते. म्हणून जुळवणीत प्रथम विलंब व लय सांभाळावी आणि देखणेपणासाठी उरलेली शक्ती वापरावी, हा क्रम सोडू नये.