आभारप्रदर्शनातून राहिलेली माणसं

कुठल्याही साहित्य संमेलनाचा शेवटचा कार्यक्रम ठरलेला असतो, तो म्हणजे आभारप्रदर्शन. तोवर निम्मे लोक चपला शोधत असतात, मागच्या बाजूला सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली असते आणि माइकवर कोणीतरी घामाघूम होऊन चिठ्ठी वाचत असतो. मंडपवाले, साउंडवाले, पोलीस स्टेशन, वीज मंडळ, आचारी आणि "ज्ञात-अज्ञात सर्व". मला ही यादी नेहमी लक्ष देऊन ऐकावीशी वाटते. आमच्या धंद्यातही रिलीजनंतर आभाराची मेल फिरते आणि प्रत्येक जण आधी बघतो ते एकच, कोणाचं नाव राहिलंय!

हा लेख अशाच राहिलेल्या नावांबद्दल आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये जालना जिल्ह्यात घनसावंगीला ४२ वं मराठवाडा साहित्य संमेलन झालं. शेषराव मोहिते अध्यक्ष होते. मी तेव्हा अंबडला मावशीकडे होतो, मावशी म्हणाली मला पण ने, म्हणून दोघं एसटीने गेलो. भाषणांमध्ये तिला फारसा रस नव्हता. ती सरळ पुस्तकांच्या स्टॉलवर गेली आणि विचारलं, "कुसुम अभ्यंकरांचं काही आहे का?" काउंटरवरच्या पोराने हे नाव ऐकलेलंच नव्हतं. मागे बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र काही न बोलता खालचं खोकं ओढलं, दोन गठ्ठे सोडले आणि पिवळ्या पानांची एक कादंबरी काढून दिली. पैसे देऊन मावशीने ती पिशवीत पालथी घातली, वरून रुमाल टाकला.

"झाकायलीस कामून?" मी विचारलं.

"सवय हाय रे. आमच्या वेळेला पेपरचं कव्हर घालूनच वाचायचो असली पुस्तकं."

'असली' म्हणजे प्रेमाची. परत येताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. प्रेमकथा वाचताना लाजायचं, हे आपल्याकडे आलं कुठून?

गंमत म्हणजे आपल्या भागात प्रेमाचं साहित्य हेच सगळ्यात जुनं आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते आणि अंबडच्या पश्चिमेला, जिल्ह्याची हद्द ओलांडली की पैठण. तिथल्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, त्यातल्या बऱ्याचशा प्रेमाच्या. कोणी नदीकाठी वाट बघतंय, कोणी रुसलंय, कोणाचा नवरा परगावी गेलाय. महत्त्वाचं म्हणजे हे एकट्या राजाचं काम नाही. अनेक कवींच्या गाथा निवडून केलेला हा संग्रह आहे आणि त्यात रेवा, अनुलक्ष्मी, माधवी अशा बायकांचीही नावं परंपरेने जपली आहेत. म्हणजे एका अर्थाने ते पहिलं संमेलनच, आणि त्यात आभाराची यादीसुद्धा होती :) स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ही गाथा मराठीत सविस्तर आणली, म्हणून ती माझ्यासारख्या प्राकृत न येणाऱ्यालाही वाचता येते.

मग नाक मुरडणं कधी सुरू झालं? त्याचा एक जुना किस्सा महानुभाव पंथात सांगतात. भास्करभट्ट बोरीकरांनी १४ व्या शतकाच्या सुरुवातीला 'शिशुपालवध' लिहिलं. नाव वधाचं, पण आत कृष्ण-रुक्मिणीचा शृंगार भरपूर. ते त्यांनी आपल्या गुरुबंधूला दाखवलं. त्याचा अभिप्राय असा की ग्रंथ चांगला झालाय, पण निवृत्त माणसांच्या कामाचा नाही. मग भास्करभट्टांनी 'उद्धवगीता' लिहिली. मराठीतला हा बहुधा सर्वात जुना रिव्ह्यू कमेंट म्हणायला हरकत नाही. आणि घनसावंगी तालुक्यातलंच जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. लग्नात 'सावधान' ऐकून ते पळून गेले, अशी आख्यायिका लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. प्रेमकथांसाठी जागा तशी अवघडच!

आता छापील कादंबरीच्या काळात येऊ. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. राजपुत्र, सुंदरी, ताटातूट, संकटं आणि शेवटी भेट, असा सगळा मसाला. लोकांनी या कादंबऱ्या आवडीने वाचल्या आणि नंतरच्या समीक्षकांनी त्यांना 'अद्भुतरम्य' म्हणून कोपऱ्यात बसवलं. पण रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत एक मुद्दा मांडलाय, तो मला फार खरा वाटतो. आपल्या लोकांच्या लग्नाच्या आणि राहणीच्या रीती अशा आहेत की रोजच्या आयुष्यावर चटकदार गोष्ट रचताच येत नाही, असा त्यांचा सूर आहे. विचार करा, आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न वडीलधारे ठरवणार. तिथे नायक-नायिका भेटणार कधी आणि एकमेकांना पसंत करणार कधी? म्हणून बिचाऱ्यांना गोष्ट काल्पनिक राज्यात न्यावी लागली. म्हणजे लेखकाला वास्तव जमत नव्हतं असं नाही. वास्तवात त्या गोष्टीला जागाच नव्हती.

१८७८ मध्ये पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांचा पुढाकार आणि रानडेच अध्यक्ष. आजच्या अखिल भारतीय संमेलनाची सुरुवात तिथून मोजतात. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्काचा विचारच नाही त्यांच्यात आम्ही का मिसळावं, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल प्रेमकथेपेक्षा खूप मोठा आहे, दोन्हींची बरोबरी करायची नाही. पण मांडवात कोण बसतं आणि बाहेर कोण राहतं, हा प्रश्न संमेलनाइतकाच जुना आहे एवढं मात्र कळतं.

पुढे शिक्षण आलं, कायदे आले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानाचा कायदा. जालना निजामाच्या राज्यात होतं, त्याला तो लागू नव्हता. निजामी राज्यात सरकारी आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३' या हुकुमाखाली परवानगी लागायची. अशा राज्याच्या राजधानीत, हैदराबादला, १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं ही किती मोठी गोष्ट असेल! अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाच्या २३ खंडांमुळे ते आठवतात, पण या माणसाने कादंबऱ्याही लिहिल्या. स्वतः त्यांनी १९२० मध्ये एडिथ कोह्न या जर्मन ज्यू मुलीशी लग्न केलं होतं. १९३० च्या 'ब्राह्मणकन्या'तली कालिंदी स्वतः जोडीदार निवडते, चुकते आणि पुन्हा निवडते. 'मंजुघोषा'पासून साठेक वर्षांत नायिका काल्पनिक राज्यातून खऱ्या गावात राहायला आली.

मग ना. सी. फडके आले. त्यांच्या कादंबऱ्यांतली मुलं-मुली कॉलेजात शिकतात, तिथे भेटतात, प्रेमात पडतात. १९४० च्या रत्नागिरी संमेलनाचे फडके अध्यक्ष झाले. म्हणजे प्रेमकादंबरीला एकदा तरी खुर्ची मिळाली. लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला वि. स. खांडेकर अध्यक्ष झाले. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा या दोघांच्या नावाचा वाद आपण शाळेत पाठ केलेला असतो. या वादात प्रेमकथा 'कलेसाठी' या खात्यात टाकली गेली. ती कोणाच्या जगण्यासाठी असू शकते, हा विचार मागेच पडला.

फडक्यांनंतर खुर्ची गेली, पण वाचक गेले नाहीत. चंद्रकांत काकोडकर यांचं उदाहरण बघा. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरून २५ रुपये दंड केला. काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटले. नुसत्या कामभावनेच्या उल्लेखाने पुस्तक अश्लील ठरत असेल तर धार्मिक पुस्तकांशिवाय काहीच विकता येणार नाही, अशा अर्थाचं कोर्टाने म्हटलं. आणि त्याच १९६९ मध्ये त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' देशभर गाजला. 'मैं तुलसी तेरे आँगन की' हा १९७८ चा सिनेमाही त्यांच्याच 'अशी तुझी प्रीत'वरचा. कोर्टाने ऐकलं, मुंबईच्या सिनेमाने ऐकलं, साहित्याच्या मांडवाने मात्र कानाडोळा केला.

बायकांचंही तेच. शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे ही नावं एका पिढीच्या घराघरात होती. कुसुम अभ्यंकर तर डॉक्टर, रत्नागिरीच्या आमदार आणि वर कादंबरीकार. अखिल भारतीय संमेलनाला १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे ही पहिली महिला अध्यक्ष मिळाली आणि २०२५ च्या तारा भवाळकरांपर्यंत एकूण सहा झाल्या. त्यात या लोकप्रिय कादंबरीकारांपैकी कोणी नाही.

बाहेरच्या जगात काय झालं? इंग्लंडमध्ये १९६० मध्ये आणि अमेरिकेत १९८० मध्ये प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांनी वेगळ्या संघटना काढल्या. समीक्षक हसतात ना, हसू देत, आम्ही आमचा मांडव घालतो. तिथल्या मेळाव्यांना शेकड्यांनी लेखिका आणि वाचक जमायला लागले. पुढे अमेरिकेतल्या संघटनेत भांडणं झाली, २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्जही झाला, तेव्हा सगळं गोडच आहे असं नाही. आपल्याकडे १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन झालं, १९९९ मध्ये धारावीत विद्रोही संमेलन झालं. ग्रामीण झालं, बालसाहित्याचं झालं. हे मांडव घालायला पक्की कारणं होती. प्रेमकादंबरीने मात्र वेगळा मांडव मागितलाच नाही. ती पेपरच्या कव्हरात गप्प बसून राहिली.

आणि तिला तिथे सांभाळलं कोणी? माझ्या मते वाचनालयांनी. मराठवाड्यासाठी १९५५ चा हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा होता, त्यानंतर १९६७ चा महाराष्ट्राचा आला. अनुदान मिळायला लागलं, तालुक्याच्या गावी अ-ब-क-ड वर्गाची वाचनालयं उभी राहिली. लहानपणी मावशी मला अंबडच्या वाचनालयात पाठवायची. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नसायचं, नुसतं "शेवट गोड असलेली". काउंटरवरचे काका चिठ्ठी वाचायचे, कपाटातून एक पुस्तक काढायचे, जुन्या पेपरात गुंडाळून माझ्या हातात द्यायचे. कधी हसले नाहीत आणि कधी घरी कोणाला बोलले नाहीत.

परतीच्या एसटीत मी शेवटी मावशीला विचारलंच, "इतक्या वर्षांत तीच तीच गोष्ट वाचून कंटाळा नाही आला?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं लग्न ठरलं ते मला चुलतीकडून कळलं. सतरा वर्षांची होते. मला कोणी विचारलं नव्हतं. पुस्तकातल्या पोरीला विचारतेत तरी. ती हो म्हणती नाहीतर नाही म्हणती. तेवढं वाचायला बरं वाटायचं."

मला पुढे काही बोलता आलं नाही. 'मंजुघोषा'ची प्रस्तावना मी नंतर वाचली तेव्हा मावशीच आठवली. रिसबुडांना जे दीडशे वर्षांपूर्वी दिसलं, ते तिच्या लग्नापर्यंत फारसं बदललं नव्हतं. फरक इतकाच की तिच्या हातात पुस्तक होतं.

म्हणून हे माझं आभारप्रदर्शन. खालचं खोकं ओढणाऱ्या त्या म्हाताऱ्या पुस्तकविक्रेत्यांचे आभार. मावशीला गर्दीतून पुढे नेऊन खुर्ची देणाऱ्या कॉलेजच्या पोरीचे, आणि दुपारी रांग मोडून तिला आधी पाणी देणाऱ्या स्वयंसेवकाचे. परतीच्या वेळी हात केल्यावर गाडी थांबवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे. वाचनालयातल्या त्या काकांचे, ज्यांनी चिठ्ठी नीट वाचली. रेवा आणि अनुलक्ष्मीपासून कुसुम अभ्यंकरांपर्यंत सगळ्याच लिहिणारणींचे. आणि कव्हर घालून का होईना, वाचत राहिलेल्या सगळ्या मावश्यांचे.

ती पिवळी कादंबरी आता मावशीच्या टीव्हीजवळ असते. परवा गेलो तेव्हा बघितलं, कव्हर घातलेलं नव्हतं.

असो, लेख लांबला. कोणाचं नाव राहिलं असेल तर ते "ज्ञात-अज्ञात सर्व" मध्ये धरावं.