बंदूक कुणाच्या सहीची?

आमच्या आबांच्या गोष्टींत बंदुका पुष्कळ होत्या, पण शूर नेमबाज एकही नव्हता. कुणी कुणाला कुठे गोळी घातली, हे ते दोन वाक्यांत उरकत आणि मग एकाच प्रश्नापाशी येऊन थांबत. "त्याईले बंदुका देल्या कोनं?" समोर ऐकायला आम्ही पोरं असलो काय किंवा गावातली जाणती माणसं असली काय, हा प्रश्न ते सोडत नसत. आज सत्तेतल्या माणसांचा आणि बंदुकीचा विषय निघाला, मग तो बीडचा असो, उल्हासनगरचा असो किंवा अमेरिकेतल्या टेक्सासचा, माझ्या डोक्यात आधी आबांचा तो प्रश्न येतो. आणि अजून त्याचं उत्तर कुणी देत नाही, याचा संताप येतो.

तलमडुगु आदिलाबादजवळ आहे. काळी जमीन, कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन. गावात तेलुगू, मराठी, गोंडी या तिन्ही भाषा कानावर पडतात. आमच्या घरात मराठी. आबांच्या लहानपणी हा सगळा निजामाचा मुलूख होता आणि किनवट, राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ला भाषावार प्रांतरचनेत ते पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. उत्तरेला पैनगंगा. ती ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे तेव्हा इंग्रजांचं राज्य. नदीच्या एका काठावर इंग्रजांचा १८७८चा शस्त्रकायदा, दुसऱ्या काठावर निजाम सरकारचा हुकूम. माणसं, बैल आणि सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर एकच होत्या.

घरात एक भरमार होती. पुढून, नळीच्या तोंडातून दारू भरायची, चिंध्यांचा बोळा ठासायचा, मग छर्रे, मग परत बोळा. एक बार काढायला इतका खटाटोप, तोवर डुक्कर शेताच्या पार. आबा म्हणत, तिचा खरा उपयोग आवाजापुरता. ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर बसून रात्रीतून एखादा बार काढला की कळप फिरकत नसे.

अशाच भरमार घेऊन कोमरम भीम जोडेघाटच्या डोंगरात उभा राहिला होता. जंगलखात्याची वसुली, जमिनीवरून हुसकावणं, यांना कंटाळलेले गोंड आणि कोलाम त्याच्या मागे गेले. १९४०च्या कोजागिरीच्या सुमारास निजामाच्या पोलिसांनी त्याला तिथेच मारलं. आबांना ती हकिगत बाजाराला आलेल्या गोंड माणसांकडून कळली. त्यानंतर सरकारला जाग आली, असं ते सांगत. निजाम सरकारने फॉन हैमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या तक्रारी समजून घ्यायला पाठवलं. मारलवाईला गोंडी शाळा निघाली, जमिनीचे काही पट्टे मिळाले. "आधी ऐकलं असतं तं?" हा आबांचा दुसरा आवडता प्रश्न.

मग आली रझाकारी. घरातली सगळी म्हातारी माणसं तिला रझाकारीच म्हणत, जसं दुष्काळाच्या किंवा प्लेगच्या सालाला नाव असतं. लातूरचा वकील कासिम रझवी पुढारी झाला आणि त्याच्या रझाकार संघटनेतल्या पोरांच्या हाती बंदुका आल्या. त्या आल्या कुठून? १९४८मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं भरून हत्यारं आणत होता. ती बिदर, वरंगळला उतरत. आबांना कॉटनचं नाव ठाऊक नव्हतं. मी मोठी झाल्यावर वाचलं आणि त्यांना सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे इमानातून येत होत्या," एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी आमची भरमार 'जमा' झाली. नेणाऱ्यांनी पावती दिली नाही. ज्यांच्याकडून धोका होता त्यांच्या हाती रायफली, आणि डुकरं हाकणाऱ्याची भरमार जप्त. मराठवाड्यात बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ मुक्तिलढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना २९ ऑक्टोबर १९४६ला मारलं गेलं होतं. ती बातमी इकडच्या गावांतही पोचली होती. खुद्द हैदराबादेत 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८मध्ये रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या, कारण त्यांनी भारतात विलीन व्हा असं लिहिलं. ते मुसलमान होते, हे आबा मुद्दाम सांगत. ऐकणाऱ्याने रझाकारीची गोष्ट सोपी करून घेऊ नये, ही त्यांची काळजी होती.

आमच्याकडच्या बायकापोरांनी एका रात्री पैनगंगेची वाट धरली. आजीच्या कडेवर माझे मोठेबाबा होते, वर्षाच्या आतले. पोर रडलं तर सगळेच सापडतील, म्हणून तिने वाटेत त्याच्या तोंडावर पदर धरला होता. हे ती फार क्वचित सांगे, आणि सांगताना मोठेबाबा, तेव्हा पन्नाशीचे, उठून बाहेर जात.

१३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. पोलीस ॲक्शन. घरातली पुरुषमाणसं गोष्ट इथे संपवत. आजी संपवत नसे. ती सांगे की आम्ही परत आलो तेव्हा आमच्या धान्याच्या खोलीत एक मुसलमान पिंजाऱ्याचं कुटुंब लपलेलं होतं. आता त्यांची पाळी होती. आबांनी त्यांना कितीतरी दिवस तिथे ठेवलं, आणि शेजारच्या गावातून आलेल्या जमावाला दारातून परत लावलं. जमावाकडे बंदुका होत्या, आणि त्यातली एक आमच्या भरमारसारखी दिसत होती, असं आजी म्हणे. आबांनी याला कधी होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला हैदराबाद संस्थानात पाठवलं होतं. तिने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मेलेल्या मुसलमानांचा आकडा २७,००० ते ४०,००० असा धरला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सगळ्यात जास्त पोळलेले जिल्हे. मुसलमानांकडची हत्यारं काढून घेतली आणि हिंदूंकडची पुष्कळदा तशीच राहू दिली, हेही तेव्हाचं वास्तव होतं. काही ठिकाणी जवानांनी माणसं वाचवली, याचीही त्या अहवालात नोंद आहे. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं लोकांपुढे येऊ दिला नाही. माझ्या लेखी आजीची धान्याची खोली आणि दिल्लीतलं ते बंद कपाट यांचा हिशोब एकच आहे. हत्यार कुणाकडून काढून घ्यायचं आणि कुणाकडे ठेवायचं, हे सत्ताधारी ठरवतात, आणि नंतर त्या ठरवण्याचा कागद लपवतात. निजामाने तेच केलं, आणि आमच्या स्वतंत्र सरकारनेही.

इंद्रवेल्लीची गोष्ट मोठेबाबांची. ते तेव्हा शिक्षक होते. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीचा आठवडी बाजार. गिरिजन रैतू कुली संघमची सभा ठरलेली. जमिनींचे पट्टे, सावकारी, बाहेरून आलेल्यांनी बळकावलेली शेतं हे मुद्दे होते. आदल्या दिवशी परवानगी काढून घेतली. डोंगरातल्या गुड्यांमधून पायी निघालेल्या गोंडांना ते कोण कळवणार? ते येत राहिले. अडवाअडवी झाली, झटापटीत एक पोलीस मेला, आणि मग गोळीबार सुरू झाला. सरकारी आकडा १३. लोक सांगतात तो त्याच्या कितीतरी पट. मोठेबाबांच्या शाळेतली काही गोंड पोरं त्या आठवड्यात आली नाहीत. कोण आजारी, कोण गेलं, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि पुढे सगळा जन्म त्यांना ते खात राहिलं. नंतर तिथे स्तूप उभारला गेला, १९८६ला तो कुणी सुरुंगाने उडवला, मग परत बांधावा लागला. वर्षानुवर्षं २० एप्रिलला जमावबंदी लागे, आपल्या मेलेल्यांना फुलं वाहायलाही. २०२४च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री रेवंत रेड्डी त्या स्तूपापुढे नमस्कार करायला आले. त्रेचाळीस वर्षांनी. ते आले ते बरंच झालं. पण त्या दिवशी गोळीबाराचा हुकूम कुणी दिला, कुणाच्या सहीने परवानगी निघून गेली, हे त्या गावाला ऐकायचं आहे.

बंदुकीवर ताबा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९५९चा शस्त्रकायदा कडक आहे आणि तो तसाच असावा. आबांना पुढे पीकरक्षणासाठी भरमारचा परवाना मिळाला. कायद्यात त्याची सोय आहे. पण दर निवडणुकीला ते ती खांद्यावर घेऊन ठाण्यात जमा करायला जात आणि मतदान उरकल्यावर परत आणायला जात. नियम आहे, पाळला पाहिजे, हे ते आम्हालाही सांगत. त्याच निवडणुकीत प्रचाराला येणाऱ्या आमदाराच्या मागे-पुढे गनमन असत. ज्याला डुकरांचं भय त्याने हत्यार ठेवून यायचं, आणि ज्याला मतं मागायची त्याच्याभोवती कार्बाइन. मला हे लहानपणीच खुपलं होतं.

मग डिसेंबर २०२०मध्ये आदिलाबाद शहरातच ते घडलं. एका पक्षाचा जिल्हाध्यक्ष, नगरपालिकेचा माजी उपाध्यक्ष. पोरांच्या खेळावरून भांडण पेटलं आणि त्याने परवान्याच्या हत्याराने गोळ्या झाडल्या. जखमींपैकी एकजण पुढे दवाखान्यात दगावला. जानेवारी २०२२मध्ये न्यायालयाने जन्मठेप दिली, न्याय झाला. पण त्याला परवाना द्यायची शिफारस कुणाची होती, तपासणीत काय लिहिलं होतं, याची जाहीर चर्चा माझ्या कानावर आली नाही.

पैनगंगेपलीकडेही तेच. २ फेब्रुवारी २०२४ला उल्हासनगरात, पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या दालनात, सत्ताधारी भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी सत्तेतल्याच मित्रपक्षाच्या महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्या. सीसीटीव्हीत दिसलं, सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्याच वर्षीच्या विधानसभेला पक्षाने त्यांच्या पत्नीला उमेदवारी दिली. त्या गोळीबारानंतर आठवड्याच्या आत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर मारले गेले, ऑक्टोबरात वांद्र्याला माजी मंत्री बाबा सिद्दिकी. डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली, आणि मग बीड जिल्ह्यात १२००हून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं लोकांसमोर आलं. प्रशासनाने त्यातले बरेच रद्द केले. म्हणजे ते रद्द करण्याजोगे होते. मग दिले का? बीड हाही आमच्यासारखाच निजामाचा जिल्हा. रझाकारी भोगलेल्या मातीत पुढाऱ्यांची पोरं हवेत बार काढून मिरवतात, हे आबांनी पाहिलं नाही ते बरं.

संसदेत २०१९ला शस्त्रकायदा बदलला. एका माणसाकडे तीनऐवजी एकच हत्यार असावं, असं मूळ मसुद्यात होतं. राजघराणी, वाडवडिलांची हत्यारं, नेमबाज यांची बाजू मांडली गेली आणि एकाची दोन झाली. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या २०१७च्या अंदाजात भारतात लोकांच्या हाती ७ कोटींहून जास्त बंदुका आहेत आणि परवान्याच्या त्यात एक कोटीही नाहीत. उरलेल्या सहा कोटींवर सभागृहाने किती वेळ घालवला?

त्याच अंदाजात अमेरिकेत ३९ कोटींहून जास्त, माणसांपेक्षा अधिक. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याचा त्याच्या सात वर्षांच्या लेकीला सराव असतो. दिवा घालवायचा, दाराला कडी, कोपऱ्यात बसायचं, आवाज काढायचा नाही. तिने मला फोनवर ते सहज सांगितलं आणि मला आजीचा पदर आठवला. फरक इतकाच की त्या देशात रझाकारी नाही, मुलूख जिंकायला कुणी फौज आलेली नाही. १४ डिसेंबर २०१२ला सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी, खरेदीदाराची आधी तपासणी वाढवायची, एवढी साधी दुरुस्ती सिनेटमध्ये आली. बाजूने ५४, विरुद्ध ४६; पण ६० हवे होते. पडली. उवाल्डेत २०२२ला आणखी १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्यावर कुठे एक मर्यादित कायदा झाला. हैदराबादचा अभियंता श्रीनिवास कुचिभोटला २०१७ला कान्सासमध्ये ओलेथच्या एका बारमध्ये द्वेषाने मारला गेला, तेव्हा तेलंगणातल्या घराघरांत बाहेर गेलेल्या पोरांना रात्रभर फोन लागत होते. आमच्याही.

तिकडचे सिनेटर, इकडचे आमदार. तिकडे बंदूक विकणाऱ्यांचा पैसा, इकडे शिफारशीची चिठ्ठी. मेलेल्यांसाठी दोन्हीकडे शब्दांची कमतरता नसते. मला शब्द नकोत, कागद हवा आहे. जिल्ह्यात कोणत्या लोकप्रतिनिधीकडे, कोणत्या पक्षाच्या पदाधिकाऱ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, त्याची शिफारस कुणी केली, त्याच्यावर कोणते गुन्हे आहेत आणि तरीही परवाना चालू का, ही यादी दर वर्षी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावी. निवडणुकीला उभा राहणारा आपली जमीन, दागिने, गुन्हे शपथपत्रात जाहीर करतो, हत्यारही त्यात मांडलेलं असतं. त्याला ते कुणाच्या शब्दावर मिळालं, तेही तिथेच लिहावं. यंदा आमच्याकडे मतं मागायला जो येईल, त्याला मी हेच विचारणार आहे. त्याच्या गनमनसमोर, आणि आबांच्याच बोलीत.